भेगेवरची काच

६ जानेवारी

ठोक्या,

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना कोण विचारतंय. आजच्या पत्राला कारण आहे. एरवी मी बिनकारणाची लिहिते आणि तू त्यांची दोन ओळींत बोळवण करतोस. या पत्राची तशी बोळवण केलीस तर याद राख.

काल सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस डकवली. समुद्राजवळच्या, चाळीस वर्षं उलटून गेलेल्या सगळ्या इमारतींची तपासणी होणार आहे. वीस मार्चला इंजिनीअर येणार, घरोघर फिरणार आणि इमारत राहायच्या लायकीची आहे की नाही ते लिहून देणार. नाही म्हटलं तर सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. आपल्या इमारतीला अठ्ठावन्न वर्षं झाली. बाबांनी तिसऱ्या मजल्यावर हे घर घेतलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि तू अकरा. पहिल्याच दिवशी तू आईचा डाव घेऊन सगळ्या भिंती ठोकत फिरलास आणि संध्याकाळपर्यंत तुझं नाव ठोक्या पडलं. पुढे सरकारने तुला त्याच कामावर ठेवलं म्हणून बरं, नाहीतर आईने तुला वेड्यात काढलं होतं.

नोटीस लागल्यापासून जिन्यात दुसरा विषय नाही. सेक्रेटरी मला म्हणाले, "ताई, तुमच्या कानसाहेबांना बोलवा की. त्यांनी एकदा खांबाला हातोडी लावून सांगितलं, की आम्हाला दुसऱ्या कुणाचा कागद नको." इथे अजून तुला सगळे कानसाहेबच म्हणतात. मी म्हटलं, बोलावते. म्हणजे आता शब्द देऊन बसले आहे.

तर ये. तू या घरात पाऊल टाकलंस त्याला नऊ वर्षं झाली. तुझी बायको गेली त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही दोघं आला होतात. त्यानंतर दर वेळी तुझं काहीतरी निघतं. हॉलमध्ये समुद्राकडच्या खिडकीवर वीतभर भेग पडली आहे, ती तू बघावीस. भेगेचं आपलं निमित्त. तू यावंस असं मला वाटतं, आणि हे लिहायला मला या वयात लाज कसली.

फोनच करणार होते. पण तुझा फोन गेली सहा वर्षं बिघडलेला आहे. अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला तिचा सख्खा भाऊ सांगतो की फोन बिघडलाय, आणि तिने ते मुकाट्याने ऐकून घ्यायचं.

तुझी
ताई


१७ जानेवारी

ताई,

पत्र पोचलं. नोटिशीला घाबरू नकोस. तपासणी व्हायलाच हवी. खरं तर वीस वर्षं उशीरच झालाय.

मला सध्या जमणार नाही. कंबर धरली आहे आणि इथून दोन गाड्या बदलाव्या लागतात. फोनचं म्हणशील तर इकडची लाइन वाईट आहे, नुसती खरखर येते. पत्रच बरं.

माझ्यावाचून तुझं अडणार नाही. तुझा कान माझ्यापेक्षा तयार आहे. एक्स्चेंजमध्ये तू नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायचीस. इंजिनीअर यायच्या आधी तूच घर तपासून घे. सोबत पार्सल पाठवलंय. त्यात माझी लहान हातोडी आहे आणि कापसात गुंडाळलेल्या काचेच्या सहा पातळ पट्ट्या.

हातोडी धरताना मनगट सैल ठेव. दारावर टकटक करतो तितकंच मारायचं. मधल्या भिंती सोडून दे. खांब आणि वरच्या तुळया ठोक, घराचा भार त्यांच्यावर असतो. खालून वर जायचं, वीत वीत अंतराने. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. खाऱ्या हवेने आतली सळई गंजली की ती फुगते आणि वरचा थर सुटतो. मग आवाज बद्द येतो. तसा आला तर तिथे खडूने गोल काढ. एकही खांब सोडू नकोस.

काच भेगेसाठी. पट्टी भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना सिमेंटचा लपका द्यायचा आणि शेजारी तारीख लिहायची. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भेग वाढत असेल तर काच तडकते. मालक काहीही सांगोत, मी चौतीस वर्षं काचेवर विश्वास ठेवला.

समुद्र कसा आहे? भरतीला लाट अजून दगडी बांधावर आपटते का? आवाज कसा येतो ते जरा सविस्तर लिही.

ठोक्या


४ फेब्रुवारी

ठोक्या,

पार्सल मिळालं. सहाच्या सहा पट्ट्या शाबूत आल्या. तुझ्या हातचं बांधलेलं पार्सल, सोडायला मला कात्री, सुरी आणि शेवटी दात लागले.

तीन दिवस घर ठोकत होते. डोक्याला फडकं, नाकावर चष्मा, हातात हातोडी. खालच्या मजल्यावरची शिंपीण धावत वर आली, "ताई, काय पाडताय?" मी म्हटलं, पाडत नाहीये, तब्येत बघतेय. तर ती म्हणते, माझ्याही घराची बघून द्या. बघ, तुझ्या जागी मीच कानसाहेबीण झाले.

आता रिपोर्ट. हॉलमधले चारही खांब खणखणीत. झोपायच्या खोलीत बाल्कनीकडच्या खांबाचा पायथा थोडा बद्द वाजतो, तिथे गोल काढला. स्वयंपाकघरही झालं. खिडकीवरच्या भेगेला काच लावली. सिमेंट सुताराने कालवून दिलं. तो तसाही आला होता, स्वयंपाकघराचं दार वर अडकत होतं ते तासायला. तारीख घातली, दोन फेब्रुवारी. स्टुलावर उभी राहून घातली हे तुला सांगणार नव्हते.

समुद्राचं दर पत्रात विचारतोस. काय सांगू, तो आहे तिथेच आहे. भरतीला लाट बांधावर येते तेव्हा आधी धप्प होतं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पाणी दगडांमधून परत जाताना सळसळ होते, शिंपिणीने रेशमी कापड ओढल्यासारखी. लहानपणी आपण धप्प मोजायचो आणि तू सातव्या-आठव्याला मोजणं सोडून माझ्याशी भांडायचास की मी एक चोरला. वारा पडलेला असला की बांधावरच्या बोटींचे दोर करकरतात तेही ऐकू येतं.

ऐकायचं असेल तर येऊन ऐक. पत्रातून तुला काय कपाळ ऐकू येणार.

परवा जिन्यात सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं, कानसाहेब कधी येताहेत. मी म्हटलं, येतोय. मला खोटं पाडू नकोस.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

रिपोर्ट उत्तम आहे. आमच्या खात्यात अशी माणसं मिळाली असती तर मी लवकर निवृत्त झालो असतो. बाल्कनीकडच्या खांबाचा पायथा इंजिनीअरला दाखव. तेवढं दुरुस्त होतं. बाकी घर चांगलं आहे असं दिसतंय, तेव्हा मी यायची काही गरज उरली नाही. उगाच जिन्यात माझी वाट बघायला लावू नकोस लोकांना.

स्टुलावर पुन्हा चढू नकोस.

समुद्राचं वाचलं, दोनदा वाचलं. धप्प झाल्यावर जे काहीच नसतं, ते किती वेळ असतं? मला आता नीट आठवत नाही.

ठोक्या


२ मार्च

ठोक्या,

काच फुटली. आज सकाळी केर काढताना वर बघितलं तर खिडकीवरची पट्टी फुटलेली. तू म्हणशील ताई काहीतरीच सांगते, म्हणून मागच्या पानावर चित्र काढलं आहे. जशी दिसते तशीच काढली आहे, एकही रेघ कमी-जास्त नाही.

तूच लिहिलंस की काच तडकली म्हणजे भेग वाढतेय. मग आता तरी येशील ना? वीस तारखेला इंजिनीअर यायच्या आधी ये. आठ दिवस राहा. कंबर धरली असेल तर इथे शेकायला मी आहे. तुझी खोली मी मागच्या आठवड्यात झाडून ठेवली. खाटेवर इस्त्रीचे कपडे असायचे ते काढले.

बाकी ठीक. सुतार परत येऊन गेला. स्वयंपाकघराचं ते दार महिन्याभरातच पुन्हा अडकायला लागलं. मागच्या वेळी वरची कड तासली होती, आताही वरचीच. तो म्हणाला, "ताई, आणखी तासलं तर दार उरायचं नाही." दमट हवेत लाकूड फुगायचंच, त्यात त्या दाराला नवं काय. बश्यांच्या कपाटानेही उच्छाद मांडलाय, दोन्ही दारं आपोआप उघडतात आणि मी येता-जाता बंद करत बसते. घर आणि मी एकदमच म्हातारे झालो.

पण हे सगळं राहू दे. काचेचं बघ. उत्तर पाठवू नकोस, तूच ये.

ताई


७ मार्च

ताई,

शेजारच्या डॉक्टरांना सांगून सेक्रेटरींना फोन करवला आहे. स्वयंपाकघर बंद करा एवढा निरोप तुला आत्तापर्यंत पोचला असेल. का, ते या पत्रात लिहितो. तातडीच्या टपालाने टाकतोय.

स्वयंपाकघरात जाऊ नकोस. चहासुद्धा हॉलमध्ये कर. तुझ्या खालच्या सगळ्या घरांची स्वयंपाकघरंही बंद हवीत, कारण एकाखाली एक तोच खांब आहे. सेक्रेटरींना म्हणावं वीस तारखेची वाट बघू नका, इंजिनीअरला आत्ताच बोलवा आणि तुळयांना लोखंडी टेकू द्या. तळमजल्यापासून सुरुवात करून वर यायचं, आधी वरचे लावायचे नाहीत.

दमट हवेने दार फुगलं तर ते कडीच्या बाजूला अडकतं. महिन्याभरात दोनदा वरून अडकलं, याचा अर्थ दाराला काही झालेलं नाही. वरची तुळई खाली येतेय. कपाटाची दारं आपोआप उघडतात कारण जमीन कलली आहे. आणि त्या कपाटामागे खांब आहे. तो तू ठोकलेला नाहीस. ते कपाट तुला एकटीला हलत नाही हे मला माहीत आहे. "स्वयंपाकघरही झालं" एवढंच लिहून तू पुढे गेलीस, तेव्हाच मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे.

आता हॉलमधल्या काचेबद्दल. ती तू फोडलीस. भेग वाढली की काचेला एकच तडा जातो, भेगेच्या रेषेत, भेग जशी असेल तसा. तू काढून पाठवलीस ती चांदणी आहे, पट्टीच्या मधोमध. हातोडीचा टोला बसला की तशी होते. खोटं बोलायला निघालीस आणि चित्र मात्र अगदी खरं काढलंस.

मी रागावलेलो नाही. चित्र बघून आधी हसलो. आपल्याला घरी बोलवण्यासाठी त्र्याहत्तर वर्षांची बहीण स्टुलावर चढून काच फोडते, म्हणजे आपण किती वर्षं तिला नाही म्हणत आलो, ते मग मोजत बसलो.

फसवलं मीही आहे. फोन बिघडलेला नाही. कान गेलेत. सहा वर्षं झाली. डावा पूर्ण गेला आणि उजव्याने नुसता गोंगाट कळतो, शब्द कळत नाहीत. खणखणीत काय आणि बद्द काय, मला आता सगळं सारखंच. मी आलो की जिन्यात सगळे जमणार, कानसाहेब म्हणून हातोडी हातात देणार आणि गप्प उभे राहणार. मी ठोकणार आणि मला काहीच ऐकू येणार नाही. त्या भीतीने मी घरी आलो नाही. तुलाही सांगितलं नाही, कारण तुझं सगळं आयुष्य आवाजांत गेलं आणि तुझाच आवाज मला कळायचा नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू. समुद्राचं विचारायचो ते त्यासाठीच. तुझं वाचलं की थोडा वेळ ऐकू आल्यासारखं वाटायचं.

मी निघतोय. दहा तारखेला दुपारी पोचेन. माझ्याशी ओरडून बोलू नकोस, उपयोग नाही. कागद-पेन्सिल जवळ ठेव.

ठोक्या


३ एप्रिल

ठोक्या,

तुझ्या घरात, तुझ्या टेबलावर, तुझ्याच पेनाने तुला पत्र लिहितेय. नऊ वर्षं मी तुला घरी ये म्हणत होते. तू आलास आणि आठ दिवसांत मला घराबाहेर काढलंस. असा भाऊ असल्यावर घर पाडायला समुद्र कशाला लागतो.

गाडीत बसल्यापासून तेच दिवस डोळ्यांपुढे येताहेत. तू दारात उभा होतास आणि मी सगळं ठरवलेलं विसरून जोरजोरात बोलत सुटले. तू नुसता बघत होतास. मग मी रडायला लागले तेव्हा तू म्हणालास, "हे कळलं."

आणि तो जिना. सगळी इमारत गोळा झाली होती. तू भ्यायला होतास तसंच झालं, सेक्रेटरींनी हातोडी पुढे केली. तू ती घेतलीस आणि माझ्या हातात दिलीस. सगळ्यांसमोर म्हणालास, "माझे कान गेले. आता ही ठोकेल." कुणी हसलं नाही, तुझ्या लक्षात आलं का? टेकू लागलेच होते, शिंपीण तडक स्वयंपाकघरात शिरली आणि कपाट धरून म्हणाली, "चला, हलवू या." मी ठोकत होते आणि तू तळहात खांबावर टेकवून उभा होतास. जिथे मला बद्द ऐकू आलं तिथेच तुझी मान हलली, एकदाही चुकली नाही. कपाटामागचा गिलावा तर हातातच आला. दुसऱ्या दिवशी ती इंजिनीअर पोरगी आली, तिने तिचं यंत्र लावलं आणि आपल्याच खडूच्या गोलांवर आकडे लिहीत गेली. इमारत आठवड्यात रिकामी करा म्हणाली तेव्हा कुणी हुज्जत घातली नाही. सेक्रेटरी अजून तुला कानसाहेबच म्हणतात, मी निघाले त्या दिवशीही म्हणत होते.

तुझं घर चांगलं आहे. भिंती कोरड्या, दारं न अडकता लागतात. पण इथे काही वाजतच नाही. सकाळी उठले की आधी कान देते आणि मग आठवतं. मला वाटलं होतं इथे तुझ्या सोबतीने राहीन, तर तू तिथे कामावर देखरेख करत बसलास. इंजिनीअर पोरीला तू हवास हे समजतं. मला तू नको आहेस असं कुणी ठरवलं?

आणखी एक. पत्रांचा कागद शोधताना टेबलाचा खण उघडला. माझी सगळी पत्रं आहेत त्यात. तू दोन ओळींत उत्तर द्यायचास म्हणून मला वाटायचं, हा नीट वाचत तरी असेल का. एक काढलं, मग सगळीच काढली. जिथे जिथे मी लाटेचं लिहिलंय तिथे तुझ्या तांबड्या पेन्सिलीची रेघ आहे. सहा वर्षांपासूनच्या प्रत्येक पत्रात. काही ठिकाणी रेघ दोनदा ओढली आहे. अरे, आधी सांगितलं असतंस तर मी पानंच्या पानं लिहिली असती. मी बावळट, सेक्रेटरींच्या भानगडी लिहीत बसले.

मला घरी यायचंय.

ताई


१६ एप्रिल

ताई,

सुताराच्या माडीवर आता बरी सोय झाली आहे. खिडकीतून आपली इमारत दिसते. सगळ्या खिडक्या बंद, एकही कपडा वाळत नाही. बघवत नाही, पण बघतो.

मंगळवारी स्वयंपाकघराचा खांब उघडला. अंगठ्याएवढ्या सळया घातल्या होत्या, पेन्सिलीएवढ्या उरल्या आहेत. दोन तर हातानेच निघाल्या. हे आणखी किती दिवस उभं राहिलं असतं ते इंजिनीअरने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिने एवढंच लिहून दाखवलं, "तुमच्या ताईंनी सुताराचं लिहिलं म्हणून." तू सगळ्या पत्रात ज्याला महत्त्व दिलं नाहीस त्या चार ओळींवर बारा घरं वाचली. तेव्हा सेक्रेटरींच्या भानगडी लिहिणं बंद करू नकोस.

खांब नवे होतील, घर राहील. नोव्हेंबरपर्यंत काम चालेल. पुढचा भाग पक्का आहे, तिथे दिवसा जायची मला परवानगी आहे. डोक्यावर टोपी घालून तिसऱ्या मजल्यावर जातो. इंजिनीअर पोरगी ठोकते, मी हात ठेवतो. दुपारच्या सुट्टीत तुझ्या खिडकीपाशी बसतो. बांधावर लाट चढताना दिसते, पांढरी होते, खाली जाते. आवाजाचा पत्ता नाही. खिडकीच्या दगडावर हात ठेवला तर कधीकधी बारीक काहीतरी लागतं. ते लाटेचं की खालच्या यंत्राचं, सांगता येत नाही.

कान गेल्यापासून मला शांततेची सवय झाली होती. या घरातल्या शांततेची होत नाही. इथे तू बडबडत नाहीस हे ऐकू न येताही कळतं. तुला पाठवून मी चूक केली का असं रोज वाटतं. पण धूळ फार आहे, आणि तुझी छाती मला माहीत आहे.

हॉलमधल्या भेगेवर नवी काच लावली. तू फोडलेली मी काढून रुमालात बांधून ठेवली आहे. तारीख घातली, पंधरा एप्रिल. तीन महिने शाबूत राहिली की तुला बोलावतो. तोवर तिथेच राहा. कोरड्या हवेने तुझे गुडघेही बरे राहतील.

ठोक्या


२३ एप्रिल

ठोक्या,

तीन महिने म्हणे. काच काय, ती बिचारी तीस वर्षंही राहील. मी त्र्याहत्तरची आहे आणि तू एकोणसत्तरचा. आपली तब्येत आधी कुणी ठोकून बघितली आहे का?

सोमवारी निघते. नाही म्हणायचं असेल तर तुझं पत्र इथे पोचेपर्यंत घराला कुलूप असेल. सुताराच्या बायकोला मी परस्पर लिहिलं. ती म्हणते माडीवर दुसरी खाट सहज मावेल, मध्ये पडदा लावू. इमारतीत पाऊल टाकणार नाही, जिन्यापर्यंतही जाणार नाही, तुझी शपथ. धुळीसाठी तोंडाला फडकं बांधेन. मला खिडकी नको आणि घरही नोव्हेंबरपर्यंत नको. तुझ्या खणातली माझी पत्रं सोबत आणतेय, आता इथे ठेवून काय करू.

संध्याकाळी भरतीच्या वेळी बांधावर बसायला जाऊ. फेब्रुवारीत तू विचारलं होतंस, धप्प झाल्यावर जे काहीच नसतं ते किती वेळ असतं. मी तुला तेव्हा उत्तर दिलंच नाही, काच फोडायच्या नादात होते. आता इथे बसून दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. ते लिहून सांगता येत नाही. तू माझ्या शेजारी बस आणि हात पुढे कर. मी तळहातावर ठोकून दाखवते.

ताई